मार थांबल्यानंतर

घरातल्या मारहाणीची चर्चा आपल्याकडे दोनच वेळा होते. पेपरात बातमी येते तेव्हा, आणि लेक बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी राहते तेव्हा. मग 'सुटली एकदाची' म्हणून सगळे मोकळे होतात. ती मात्र कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. जिन्यात पावलं वाजली की कानोसा घेते. रात्री अडीच-तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत. भाजी निवडताना मधेच हात थांबतो आणि पुढची काही मिनिटं ती तिथे नसतेच. आईला वाटतं, हिचा जीव अजून तिकडेच अडकलाय. भाऊ म्हणतो, आता इथे कोण मारतंय हिला?

छळातून बाहेर पडलेलं माणूस सावरतं कसं, त्याला कशाचा आधार होतो आणि आधार म्हणून केलेल्या कोणत्या गोष्टींचा उलट जाचच होतो, याविषयी गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच काही कळलं आहे. ते दवाखान्यांत आणि समुपदेशन केंद्रांत माहीत असतं. घराघरांत पोचत नाही. पोचायला हवं ते मात्र घरातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होतं. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी ना कुठे मदत मागितली, ना कोणाला काही सांगितलं. मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के, आणि त्यांतल्या बहुतेक जणी आधी गेल्या त्या आपल्या माहेरच्या माणसांकडे. पोलीस, डॉक्टर, वकील फार नंतर येतात. पहिली दाद मागितली जाते ती आईकडे, बहिणीकडे, वहिनीकडे.

मानसिक आघाताला वैद्यकशास्त्रात स्वतःचं नाव मिळालं ते १९८० मध्ये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानाच्या पुस्तकात 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हा आजार घातला, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. त्याच काळात बलात्कारित स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांना दिसत होतं की या बायकांची दचकणं, स्वप्नं, बधिरपणा ही लक्षणं सैनिकांच्या लक्षणांशी हुबेहूब जुळतात. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात हे दोन्ही धागे एकत्र आणले. रणांगणावर जे घडतं ते स्वयंपाकघरातही घडतं, एवढंच की स्वयंपाकघरातली लढाई कोणी जाहीर केलेली नसते आणि तिथून रजेवर घरी जाता येत नाही, कारण तेच घर असतं. एकदाच झालेला अपघात आणि वर्षानुवर्षांचा छळ यांतला फरकही त्यांनी मांडला. जागतिक आरोग्य संघटनेनं तो अधिकृतपणे मानायला पुढची तीस वर्षं लागली. २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घ छळानंतरच्या गुंतागुंतीच्या आघाताला वेगळी जागा मिळाली. त्यात दचकणं-स्वप्नांबरोबर आणखी तीन गोष्टी धरल्या आहेत: भावना आवरता न येणं, 'मीच वाईट' ही पक्की बसलेली समजूत, आणि कोणाशीही जवळीक अवघड होणं.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात असं. धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, विचार करून निर्णय घेणाऱ्या भागाच्या आधी कामाला लागतो. रक्तात ॲड्रेनलिन येतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. पळायचं किंवा उलटून लढायचं, याची ही तयारी. दोन्ही जमणार नसेल तर शरीर तिसरा मार्ग घेतं: गोठून जातं. आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. 'तू ओरडली का नाहीस?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओरडायचं की नाही हे ठरवायला ती त्या क्षणी मोकळीच नव्हती. अशा वेळी आठवणही नीट रचून ठेवली जात नाही. वास, आवाज, खोलीतल्या बल्बचा पिवळा उजेड असे तुकडे लख्ख राहतात आणि आधी काय झालं, नंतर काय झालं याचा क्रम विस्कटतो. म्हणून पोलीस ठाण्यात, कोर्टात किंवा माहेरच्या बैठकीत बाई दोनदा सांगते तेव्हा दोन्ही वेळा थोडं वेगळं येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, बनवून सांगतेय.

रोजच्या छळात ही यंत्रणा कधी बंदच होत नाही. त्याचा मूड ओळखायचा, किल्लीच्या आवाजावरून तो पिऊन आलाय का हे ताडायचं, पोरांना आधीच झोपवायचं, अशी ती चोवीस तास पहाऱ्यावर असते. माहेरी आली म्हणून पहारा उठत नाही. शरीराला 'आता कोणी मारत नाही' हे कळायला महिने लागतात, कधी वर्षं.

हर्मनबाईंनी सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं, मग पुन्हा लोकांत मिसळणं. माणूस काही पायऱ्या चढावा तसं यातून जात नाही, मागेपुढे होतंच. पण त्यांचं खरं महत्त्वाचं म्हणणं या टप्प्यांच्याही मुळाशी आहे. छळ करणारा माणसाकडून ताबा काढून घेतो. त्याच्या शरीरावरचा, पैशावरचा, वेळेवरचा, कोणाशी बोलायचं आणि काय नेसायचं यावरचा. तेव्हा सावरणं म्हणजे हा ताबा एकेक करून परत येणं. आणि ज्या मदतीत तो परत मिळत नाही ती मदत कितीही मायेची असली तरी उपयोगाची नाही. 'तुला काही कळत नाही, मी सांगतो तसं कर' असं भाऊ म्हणतो तेव्हा माणूस बदललेला असतो, रीत तीच राहते. माझ्या मते या सगळ्या विषयात ध्यानात ठेवावी अशी ही एकच गोष्ट आहे. बाकीचं त्यातून आपोआप निघतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यापासून सुरुवात करू. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये तिथे पती निर्दोष सुटला. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या खटल्यात पुरावा म्हणून आली होती ती तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. म्हणजे ती बोललेली होती. या मृत्यूनं महाराष्ट्र हलला. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेलं, त्यातून पुण्यात नारी समता मंच उभा राहिला आणि पुढे त्याचं 'बोलते व्हा' हे केंद्र सुरू झालं. बाई बोलत नाही असं आपण सर्रास म्हणतो. ती बोलते, पण आडून. 'यंदा दिवाळीला जरा लवकर येते', 'यांचा स्वभाव तापट आहे', 'पोरांची शाळा तिकडेच घालावी म्हणते'. हे वाक्य समोरच्यानं उचललं तर पुढचं येतं. 'सगळ्यांच्याच घरी असतं गं' असं उत्तर आलं की विषय तिथेच बुजतो आणि पुन्हा निघायला कित्येक वर्षं जातात.

जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्यसेवकांसाठी जी पुस्तिका काढली आहे तिच्यातला ऐकण्याचा भाग वाचला की वाटतं, हे तर वहिनीलाही जमेल. एकटीला गाठून ऐकायचं. मधे उकरून विचारायचं नाही. 'यात तुझी चूक नाही' हे उघड शब्दांत म्हणायचं. आत्ता काय हवंय ते विचारायचं. आज रात्री घरी जायला धोका आहे का हे पाहायचं, आणि पुढे मदत करणाऱ्यांशी गाठ घालून द्यायची. बस. सल्ला यात कुठेच नाही. 'सोडून दे त्याला' हा सल्लाही नाही. तो देणाऱ्याला शूरपणाचा वाटतो. ती मात्र उद्या त्याच घरात परत गेली तर हा सल्ला देणाऱ्याकडे तोंड दाखवायला लाजते, आणि तिचा एक दरवाजा बंद होतो. ती परत जाईल, पुन्हा येईल, पुन्हा जाईल. प्रत्येक वेळी दार उघडं राहणं हाच आधार.

दवाखान्यात हे कसं दिसतं ते बघा. प्रसंग मी रचला आहे, पण सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणत्याही परिचारिकेला तो अनोळखी वाटणार नाही. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, मनगट सुजलेलं. सोबत सासू. केसपेपरवर 'जिन्यावरून पडली'. सिस्टर सासूला म्हणते, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा, एक्स-रे काढायचाय." पडदा ओढते. पट्टी बांधता बांधता खालच्या आवाजात विचारते, "ताई, अशा जखमा आम्ही रोज बघतो. घरात कोणी हात उचलतं का तुमच्यावर?" ती मान हलवत नाही, नाहीही म्हणत नाही. सिस्टर पुढे रेटत नाही. "आज नाही सांगितलंत तरी चालेल. चार नंबरच्या खोलीत आमच्या मॅडम असतात. ड्रेसिंगला याल तेव्हा भेटा. कोणाला सांगायला लागत नाही." सोमवारी ती ड्रेसिंगला येते. सासू खाली चहाला गेलेली असते.

ही कल्पना महाराष्ट्रात पंचवीस वर्षं प्रत्यक्षात चालली आहे. २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई कचरते, इस्पितळात जायला कोणी अडवत नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण. पुढे महापालिकेच्या आणखी रुग्णालयांत ही केंद्रं झाली आणि इतर राज्यांनीही तो नमुना उचलला. त्याहून जुना प्रयोग पोलीस खात्यातला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला आणि बालकांसाठी विशेष कक्ष काढला, आणि तिथे बसवले ते शिकलेले सामाजिक कार्यकर्ते. गणवेश नाही, पण गणवेशाचं वजन पाठीशी. आज असे कक्ष राज्यात जिल्होजिल्ही आहेत.

इथे एक खटकणारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. समुपदेशनाच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी चालतो तो समझोता. दोघांना समोरासमोर बसवायचं, त्याच्याकडून 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून घ्यायचं, तिच्याकडून 'उलट बोलणार नाही' असं लिहून घ्यायचं, आणि नांदायला पाठवायचं. गावातली तंटामुक्ती समिती असो की भावकीची बैठक, बांधाचा वाद आणि बायकोला होणारी मारहाण एकाच मापानं मोजली जाते. बांधाच्या वादात दोघंही बरोबरीचे असतात. इथे ती त्याच्या समोर बसून खरं बोलली तर रात्री घरी काय होणार हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती म्हणते, 'माझंही थोडं चुकलं.' बैठक यशस्वी!

सुरक्षिततेचा टप्पा बाहेरून रटाळ दिसतो, आणि म्हणूनच त्याची आबाळ होते. त्यात कागद असतात, किल्ल्या असतात, फोनचे पासवर्ड असतात. घर सोडण्याचा बेत असेल तर, आणि नसेल तरीही, काही गोष्टी आधीच शेजारणीकडे किंवा मैत्रिणीकडे पोचवून ठेवाव्यात असं या क्षेत्रातले कार्यकर्ते सांगतात: आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, लग्नाचा पुरावा, दागिन्यांच्या पावत्या, रोजच्या औषधांची चिठ्ठी, थोडे रोख पैसे, घराची जादा किल्ली. हल्ली यात मोबाईलची भर पडली आहे आणि ती साधी नाही. पुष्कळ बायकांच्या आधारला आणि बँक खात्याला नंबर जोडलेला असतो नवऱ्याचा. पैसे काढायचे तर ओटीपी त्याच्या फोनवर वाजतो. लाडकी बहीण योजनेचे पैसे तिच्या नावावर जमा होतात, मेसेज त्याला जातो. फोन त्यानंच घेऊन दिलेला, त्यातलं ईमेल खातं त्यानंच उघडलेलं, त्यामुळे ती कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसतं. निघायच्या आधी लोकेशन शेअरिंग बंद आहे का ते पाहणं आणि निघाल्यावर आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणं, या दोन कामांनी जेवढा ताबा परत येतो तेवढा दहा भाषणांनी येत नाही.

बाई घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे बाहेरच्याला उलटं वाटतं पण खरं आहे. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ बाईंनी नवऱ्याच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांचा अभ्यास करून धोक्याच्या खुणांची यादी केली, तीत नुकतंच वेगळं होणं आहे, जिवे मारण्याची धमकी आहे, घरात हत्यार असणं आहे, आणि गळा दाबणं आहे. गळा दाबल्याच्या खुणा वरून कित्येकदा दिसतही नाहीत. 'फक्त गळा धरला होता, मारलं नाही' असं कोणी म्हणालं तर ते 'फक्त' नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं आणि केसपेपरवर तसं लिहून घ्यावं.

कायद्याबद्दल थोडकंच सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीइतकाच शिवीगाळीचा, लैंगिक जबरदस्तीचा आणि पैसे अडवण्याचा समावेश आहे. घर कोणाच्याही नावावर असो, राहत्या घरातून तिला हुसकावता येत नाही. यात घटस्फोट मागावा लागत नाही, फौजदारी गुन्हाही नोंदवावाच असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, म्हणून अंतरिम आदेश आधीच मागावा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला वकील मोफत मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. विधी सेवेचा नंबर १५१००. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. रात्री डोक्यावर छप्पर नसेल तर जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांची सोय होते.

एवढं झालं, निवारा मिळाला, दार आतून बंद करता येतं. आता रात्री येतात.

दचकणं, स्वप्नं, मध्यरात्रीची जाग या लक्षणांशी एकटीनं झुंजायची वेळ येते तेव्हा 'विचार करू नकोस' या सल्ल्यासारखा निरुपयोगी सल्ला नाही. विचार ती करतच नसते, शरीर जुन्या वेळेत गेलेलं असतं. त्याला आजच्या वेळेत आणायचा रस्ता ज्ञानेंद्रियांतून जातो. पाय जमिनीवर दाबायचे. फरशीचा गारवा जाणवू द्यायचा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची: पंखा, कॅलेंडर, पाण्याची बाटली, दाराची कडी, पोराचं दप्तर. आजची तारीख आणि गावाचं नाव म्हणायचं. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त लावायचा, कारण लांब उच्छ्वासानं हृदयाची गती उतरते. जाग येईल तेव्हा अंधारात पडून राहण्यापेक्षा उठून दिवा लावावा. काही जणी उशाशी स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवतात, 'मी आईकडे आहे. दाराला कडी आहे.' कोणाला हे पोरकट वाटेल. अर्ध्या झोपेत डोळ्यांना ते वाचता येतं आणि पुरतं.

ध्यानाबाबत मात्र सावध. शांत बसा, डोळे मिटा, आत बघा, असं शिबिरांत सांगतात. ज्याच्या आतच आग लागली आहे त्याला डोळे मिटून आत बघायला लावणं कधी कधी उलटतं. मिटल्या डोळ्यांपुढे नेमकं तेच येतं. अशांनी डोळे उघडे ठेवून चालावं, दळावं, विणावं, भजनात टाळ धरावा. हाताला ठेका मिळाला की बरं वाटतं.

झोपेच्या गोळ्यांचंही तेच. घरचे काळजीपोटी ओळखीच्या केमिस्टकडून आणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा लक्षणांवर बेंझोडायझेपिन या झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधं देऊ नयेत. आणखी एक गोष्ट तज्ज्ञांनीच स्वतःच्या अनुभवावरून मागे घेतली: घटना घडल्या घडल्या माणसाला बसवून 'सगळं बोलून टाक' म्हणून एकदाच सविस्तर वदवून घेण्याची पद्धत. मन मोकळं होतं म्हणून ती जगभर चालायची. चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की त्यानं पुढचा आजार टळत नाही, काहींना त्रास वाढतो. बोलणं चांगलं, पण कधी आणि किती, हे बोलणाऱ्याच्या हातात हवं.

काही महिने गेल्यावरही झोप, स्वप्नं, भीती उतरत नसेल तर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातावर लक्ष देणारी वर्तन-विचार उपचारपद्धती, तसंच फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेली, डोळ्यांच्या हालचालींची जोड असलेली 'ईएमडीआर' ही पद्धत, यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. दोन्हींत आठवणीजवळ जायचं असतं, पण सोबतीनं आणि हळू, केव्हाही थांबता येईल अशा बेतानं. चांगला थेरपिस्ट ओळखायची एक खूण सांगतो. तो पहिल्याच भेटीत सगळी कहाणी मागत नाही. खाताय का, झोपताय का, घरी सुरक्षित आहात का, हे आधी विचारतो. तालुक्याच्या गावी असा माणूस सापडणं कठीण, हे खरं. 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, आणि जवळच्या सेवेचा पत्ता कळतो.

आतापर्यंत 'ती' म्हणत आलो, कारण घरातल्या मारहाणीत बहुतेक वेळा तीच असते. पण लहानपणी झालेल्या लैंगिक छळाचं ओझं वाहणारे पुरुष आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लैंगिक छळ सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. त्यांना तर ऐकणारी वहिनीही नसते. मित्र हसतील ही धास्ती आणि 'मी पुरुष आहे ना' हा पेच यांत चाळिशी उलटते. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, हे निदान त्यांच्या मुलांच्या वेळी उपयोगी पडावं.

मधल्या टप्प्यावर, शोकाच्या, सगळ्यांत कमी बोललं जातं. बाहेर पडलेल्या बाईला नवऱ्याची आठवण येते. घरच्यांना हे झेपत नाही. 'इतकं मारलं तरी?' असं म्हणतात, आणि ती पुढे गप्प होते. पण तिला आठवतो तो नुसता मारणारा माणूस नसतो. लग्नानंतर पहिल्या वर्षी एसटीनं कोल्हापूरला गेलेले असतात, पहिल्या बाळंतपणात त्यानं रात्र जागून काढलेली असते, मारून झाल्यावर रडलेला असतो. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्येच हे चक्र मांडलं होतं: ताण साठतो, स्फोट होतो, मग लाडीगोडीचे दिवस येतात. त्या दिवसांनीच तर ती थांबत गेली. आता तिला नवरा गमावल्याचं दुःख आहे आणि जो नवरा मिळेल असं वाटलं होतं तो कधी नव्हताच, याचंही आहे. शिवाय गेलेली वर्षं. पंचविशीत सोडलेली नोकरी, न झालेला बी. एड. याचं रडणं झालं पाहिजे. विधवेच्या दुःखाला आपल्याकडे दहा दिवस आणि तेरावं असतं, येणारेजाणारे असतात. हिच्या दुःखाला भेटायला कोणी येत नाही, आणि आलं तर 'बरं झालं सुटलीस' म्हणतं. ते ऐकून ती हसते आणि चहा टाकायला आत जाते.

तिसऱ्या टप्प्याला, पुन्हा लोकांत मिसळण्याला, मदत करतात ती बहुधा जवळची नसलेली माणसं. बचत गटातल्या बाया, शिवणाच्या क्लासमधली मैत्रीण, नोकरीवरची सहकारी. त्यांना तिची सगळी कथा ठाऊक नसते, म्हणून त्यांच्यात ती 'ती बिचारी' नसते. दर महिन्याला हप्ता भरणारी, हिशेब चोख ठेवणारी एक बाई असते. ज्या संस्था सारख्याच अनुभवातून गेलेल्या स्त्रियांचे गट चालवतात तिथे आणखी एक गोष्ट घडते. शेजारची सांगते, 'तो म्हणायचा, तुझ्यासारखीला कोण सांभाळणार', आणि हिच्या अंगावर काटा येतो, कारण शब्द न् शब्द तोच. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे वाक्य तिच्यातलं काहीतरी ओळखून खास तिच्यासाठी बोललं गेलं आहे.

उरला माफीचा प्रश्न, आणि तो हमखास निघतो तो लग्नकार्यात. चुलतभावाच्या लग्नाला नवराही येणार आहे. घरची वडीलधारी म्हणतात, झालं गेलं विसर, चार लोकांत शोभा नको, तुझ्याही मनाला शांती मिळेल. माफ केल्याशिवाय माणूस बरं होत नाही असा समज सत्संगापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे पसरला आहे. सावरण्यासाठी माफी ही अट नाही. कोणाला ती पुढे कधी द्यावीशी वाटते, कोणाला कधीच नाही, आणि दोन्ही तऱ्हेची माणसं बरी झालेली आहेत. लग्नाचं म्हणाल तर तिला विचारा. ती नाही म्हणेल, किंवा म्हणेल की फक्त अक्षतांना येते, जेवायला थांबत नाही. मग भावानं गाडीची किल्ली खिशात ठेवावी, आणि ती 'चल' म्हणाली की मांडवातून निघावं. पंगत बसायची असली तरी.